पहारेकऱ्याची डावी बाजू

चुका काढण्याचा मला पगार मिळतो. घरी हेच काम मी फुकटात करते, असं माझा नवरा चारचौघांत सांगायचा आणि हशा मिळवायचा. आम्ही दोघं एकाच ठिकाणी नोकरीला आहोत. व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी, तिसरा मजला, चाळीसेक माणसं, आणि भर दुपारीसुद्धा ओढलेले पडदे, कारण उजेड आला की स्क्रीनवरचा अंधार नीट दिसत नाही. तो गेममधल्या पहारेकऱ्यांना अक्कल देतो. पहारेकऱ्याने कुठे उभं राहायचं, काय ऐकायचं, कशाचा संशय घ्यायचा, सगळं त्याच्या हातात. म्हणून ऑफिसात तो कोतवाल. मी तयार झालेला गेम दिवसभर खेळते आणि कुठे काय बिघडलंय ते लिहून देते, म्हणून मी सासूबाई. माझी काही तक्रार नाही. बाकीच्यांनी कामं धड केली असती तर मला तोंड उघडावं लागलं नसतं.

या खेपेचा गेम जुन्या काळातला होता. दोन हजार वर्षांपूर्वीचं एक शहर, मधोमध दगडी रिंगण, आणि त्यात झुंजायला लावलेले गुलाम. आपण त्यातला एक ग्लॅडिएटर. दिवसा हजारो लोकांसमोर तलवार घेऊन लढायचं, आणि झुंज संपली की रिंगणाखालच्या बोळांतून चोरपावलांनी, कुणाच्या नजरेस न पडता, कोठडीत डांबलेल्या भावापर्यंत पोचायचं. मेख अशी की जितक्या झोकात झुंज जिंकाल तितका तुमचा चेहरा शहरात गाजतो, आणि मग पहारेकरी तुम्हाला लांबूनच ओळखतात. टाळ्या हव्यात की अंधार, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. मला हा गेम मनापासून आवडला होता, आणि मला सहसा काही आवडत नाही.

चूक सापडली ती तिसऱ्या बोळात. तिथे मशालीखाली एक पहारेकरी उभा असतो. मी वाकून, भिंतीला धरून पुढे सरकत होते, आणि माझी बोटं चुकली. माझा ग्लॅडिएटर सरळ ताठ उभा राहिला. पहारेकऱ्यापासून हातभर अंतरावर, त्याच्या बाजूला, मशालीच्या लख्ख उजेडात. आता मेले, असं म्हणून मी बोटं काढून घेतली. पण पहारेकरी समोर बघत राहिला. मी तशीच उभ्याने, फिरायला निघाल्यासारखी त्याच्या शेजारून गेले. पुन्हा केलं. वीस वेळा केलं. त्याला नाकासमोरचं तेवढं दिसत होतं. बाजूचं काही नाही.

मी बग टाकला. म्हणजे आमच्या पद्धतीप्रमाणे लिहून दिलं: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. अर्ध्या तासात कोतवालाने तो बंद केला. खाली शेरा, ‘चूक नाही. मोजून केलं आहे.’ मी पुन्हा उघडला. त्याने पुन्हा बंद केला. असं चार वेळा झालं, तेव्हा आमचे साहेब आले. वयाने आमच्याएवढेच आहेत, पण केस लवकर पिकले म्हणून त्यांना सगळे काका म्हणतात.

“हे ऑफिसचं भांडण आहे की घरचं?” काकांनी विचारलं. “घरचं असेल तर मी मध्ये पडत नाही.”

“काका, पहारेकरी झोपलाय,” मी म्हटलं.

“झोपलेला नाही. माणूस आहे तो,” नवरा म्हणाला. “माणसाला पाठीमागचं दिसतं का? मी स्वतः बसून मोजलंय.”

हे खरं होतं. बाकीच्या कंपन्यांत पहारेकऱ्याची नजर किती रुंद ठेवायची हा आकडा कुठून तरी उचलतात. आमचा कोतवाल तो मोजायचा. ऑफिसच्या लांब पॅसेजमध्ये स्टुलावर बसायचं, समोरच्या भिंतीवर खडूने फुली काढायची, आणि डोळे त्या फुलीवरून हलवायचे नाहीत. मग कुणीतरी पाठीमागून निघून, डाव्या अंगाने गोल फिरत हळूहळू पुढे यायचं. दिसलं की तो ओरडणार, “दिसलास!” तिथे फरशीवर खडूची खूण. समोर मोबाइल लावून सगळ्याचं शूटिंग करायचं, म्हणजे नंतर निवांत कोन मोजता येतो. एकच बाजू मोजायची, दुसरी तशीच उलटून लावायची. या वेडेपणाचा त्याला फार अभिमान होता. मलाही होता, पण ते मी त्याला कधी सांगितलं नाही.

मी चार वर्षांपूर्वीच्या गेमची फाइल उघडून बघितली. तोच माणूस, तीच पद्धत. तेव्हाचा आकडा आताच्या दुपटीहून मोठा होता. मला वाटलं, या वेळी घाई केली आणि आता कबूल करायला जड जातंय. खरं सांगते, मला तेव्हा आनंद झाला होता. नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडायची संधी काही रोज मिळत नाही. “पुन्हा मोजू,” मी म्हटलं, “सगळ्यांसमोर.” काकांनी जेवणाच्या सुट्टीनंतरची वेळ दिली.

आधी मी स्टुलावर बसले. चित्रं काढणारी मुलगी माझ्या डाव्या अंगाने आली. ती माझ्या खांद्याच्या रेषेत येते न येते तोच मला तिची पिवळी ओढणी जाणवली. “दिसली,” मी म्हटलं. फरशीवर खूण झाली. पॅसेजमध्ये सात-आठ जण भिंतीला टेकून उभे होते.

मग तो बसला. हात मांडीवर, नजर फुलीवर, चेहऱ्यावर जिंकणाऱ्याचं हसू. या वेळी चालणारी मी होते. त्याला चाहूल लागू नये म्हणून मी चपला काढल्या, बांगड्या कोपराकडे सारल्या.

माझी जिथे खूण झाली होती तिथे मी पोचले. तो काही बोलला नाही. मला हसूच आलं. म्हटलं, हट्टाने गप्प बसलाय. मी दोन पावलं पुढे गेले. मग आणखी तीन. आता मी त्याच्या खांद्याच्या पुढे होते, कुणालाही दिसावी अशी, हातभर अंतरावर. मी उजवा हात वर केला आणि बोटं हलवली. त्याच्या पापणीतसुद्धा फरक पडला नाही. अंग मोकळं सोडून, खुशीत, तो समोर बघत बसला होता.

“निघालीस का?” तो मोठ्याने म्हणाला. “की चहा पिऊन येणार आहेस?”

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. मी काकांकडे बघितलं. काकांनी मान खाली घातली. चित्रं काढणाऱ्या मुलीने ओढणीचं टोक तोंडावर धरलं होतं. त्या पॅसेजमधल्या प्रत्येकाला कळलं होतं की हा माणूस हट्ट करत नाहीये. त्याला मी दिसत नव्हते. मी, जिच्याशी त्याचं लग्न होऊन बारा वर्षं झाली ती, त्याच्या गालाला हात लावता येईल इतकी जवळ उभी होते आणि त्याच्यासाठी तिथे कुणीच नव्हतं.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. “मी इथे आहे,” एवढे तीन शब्द. पण सगळे बघत होते, आणि तो इतका खुशीत होता. मी मागे सरले. एकेक पाऊल, टाचा न टेकवता, जशी आले तशीच स्टुलाच्या पाठीमागे गेले. तिथून मोठ्याने म्हटलं, “आता निघतेय हं.” मग फरशीवर पाय आपटत, बांगड्या खाली सोडून वाजवत आले. मी खांद्याशी पोचल्यावर तो ओरडला, “दिसलीस!”

त्याने ऐकलं होतं. त्याला वाटलं, बघितलं.

“बघा, काका! आता काय म्हणणं आहे सासूबाईंचं?” तो उठून टाळी द्यायला हात पुढे करत म्हणाला. काकांनी टाळी दिली. आम्ही सगळे आपापल्या जागेवर जाऊन बसलो.

दुपारभर मी स्क्रीनकडे बघत होते आणि मला दुसरंच दिसत होतं. टेबलाच्या कडेचा पेला त्याच्या कोपराने पडतो. दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, दंडावर कायम एक निळा डाग असतो. मुंगी, म्हणजे आमची नऊ वर्षांची लेक, साखरेला सोडत नाही म्हणून मुंगी, ती परवा त्याच्या शेजारी चित्र धरून उभी होती आणि त्याने ढुंकून बघितलं नाही. ती रडत आत गेली. मी त्याला वेंधळा म्हटलं होतं, आळशी म्हटलं होतं, लेकीसाठी दोन मिनिटं नाहीत म्हणून फाडफाड बोलले होते. जगाच्या चुका काढते मी. घरातली ही एक चूक मी रोज बघत होते आणि दर वेळी तिला चुकीचं नाव देत होते. मला स्वतःची लाज वाटली.

मग घड्याळाकडे लक्ष गेलं आणि मी ताडकन उठले. साडेचार. पाच वाजता तो स्कूटरवरून मुंगीला पोहण्याच्या वर्गातून आणायला जायचा. सकाळी शाळेत सोडायचा तोच. मोठ्या रस्त्याने, ट्रकच्या शेजारून, ती मागे त्याच्या कमरेला मिठी मारून बसलेली. किती महिने हा माणूस नाकासमोरचं तेवढं बघत माझ्या लेकीला घेऊन जात होता?

“आज मी आणते तिला,” मी त्याच्या टेबलाशी जाऊन म्हटलं. समोरून गेले, मुद्दाम.

“का गं?”

“डोकं दुखतंय. जरा हवा लागेल.” टेबलावरची किल्ली मी उचललीसुद्धा होती.

“हरलीस म्हणून डोकं दुखतंय,” तो हसून म्हणाला. “जा. मी कोन मोजून मग बसने येतो.”

जिना उतरताना मी मनाशी ठरवलं की आज जेवण झाल्यावर सांगायचं. मुंगीला घेऊन घरी येईपर्यंत ठरवलं की आज नको, आधी डॉक्टरांची वेळ घ्यावी. भात टाकेपर्यंत, उद्या सकाळी स्कूटर पंक्चर आहे म्हणून सांगायचं, एवढंही पक्कं झालं होतं. शूटिंगचा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. दुसऱ्याचं काही राहून गेलं की मी आठवडाभर टोमणे मारते.

तो सातला आला. चपला काढल्या, हात धुतले, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. मुंगी बाहेरच्या खोलीत गणितं सोडवत होती. त्याने खिशातून मोबाइल काढला, साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि चालू केला. मी गॅस बंद केला.

मोबाइलमध्ये तो स्टुलावर बसला होता, हसत. आणि त्याच्या डाव्या बाजूने मी येत होते, अनवाणी. आले, थांबले, हात वर केला. माझा चेहरा कॅमेऱ्यात स्वच्छ दिसत होता. मग मी काकांकडे बघितलं आणि मागे मागे गेले.

“अकरा पावलं मागे गेलीस,” तो म्हणाला. “मी मोजली. पहिल्यांदा वाटलं, तू गंमत करतेयस. मग आठ वेळा बघितलं.”

“मला सांगायचंच होतं.”

“कधी?”

मी ओट्यावरचं फडकं घडी करायला लागले.

“उद्या सकाळी मुंगी माझ्यामागे बसली असती.”

“नसती बसू दिली मी.”

“काय सांगून?”

“पंक्चर आहे म्हणून,” मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

त्याने पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी मला भांडता येतं.

“डोळ्यांचं काय व्हायचं ते होईल,” शेवटी तो म्हणाला. “मला भीती वाटतेय, नाही असं नाही. पण एक सांगू? गेममधल्या त्या पहारेकऱ्याला सगळे फसवतात, कारण तो त्यांचा कुणी लागत नाही. मी तुझा नवरा आहे ना? तिथे सात-आठ माणसं होती. सगळ्यांना दिसत होतं की मला दिसत नाही. आणि तू माझ्या बाजूने उभी राहायची सोडून त्यांच्यात जाऊन उभी राहिलीस.”

“लोकांसमोर तुझा अपमान झाला असता.”

“झाला असता. पण तुझ्या तोंडून झाला असता. आता काकांनी मला जी टाळी दिली तिचं काय करू मी?”

मी त्याच्या समोरच्या खुर्चीत बसले आणि म्हटलं, “चुकलं माझं.” हे वाक्य मी आयुष्यात फार कमी वेळा म्हटलंय, त्यामुळे ते नीट जमलं नसावं. त्याने मोबाइल उलटा ठेवला आणि ताट वाढायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसने ऑफिसला गेलो. डॉक्टरांची वेळ दुपारची होती. “आधी पहारेकऱ्याचं करू,” तो म्हणाला, “त्याला तरी इलाज आहे.” फरशीवरच्या माझ्या खुणेवरून त्याने कोन मोजला आणि तो आकडा सगळ्या बोळांतल्या सगळ्या पहारेकऱ्यांना लावला. मग स्वतः काकांच्या केबिनमध्ये गेला आणि दार लावून घेतलं. काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलं नाही. बाहेर आले तेव्हा काकांचे डोळे लाल होते.

डॉक्टर बाई वयस्कर होत्या, बोलायला तुटक, पण हात हळुवार. त्यांनी त्याला एका पांढऱ्या, पोकळ अर्धगोलासमोर बसवलं. हनुवटी टेकायची, नजर मधल्या ठिपक्यावर. आजूबाजूला कुठेही दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. डोळे हलवायचे नाहीत.

“अहो, हे तर माझंच काम,” तो म्हणाला.

खोलीत अंधार केला. मी पाठीमागच्या बाकावर बसले होते. तिथून मला अर्धगोलाची डावी कड तेवढी दिसत होती. तिथे एक बारीक ठिपका उजळला, विझला. बटण वाजलं नाही. आणखी एक, जरा वर. नाही. मध्ये कुठेतरी लागला असावा, टिक असा आवाज आला. पुन्हा डावीकडे, पुन्हा काही नाही. ओरडून सांगावंसं वाटत होतं, अरे, तिथे आहे, डावीकडे, दाब. ओढणी मुठीत धरून मी बसून राहिले. बटणाच्या दोन आवाजांमधली ती शांतता मी जन्मात विसरणार नाही.

काचबिंदू. बऱ्याच वर्षांपासून. दुखत नाही, लाल होत नाही, कडेकडेने खात येतो. जे गेलं तिथे काळोख दिसला असता तर माणूस लगेच सावध झाला असता, पण तिथे काहीच दिसत नाही आणि मन ती जागा आपली आपण भरून टाकतं. घरात कुणाला होता का, असं बाईंनी विचारलं. “वडील शेवटी भिंतीला हात लावून चालायचे,” तो म्हणाला. “आम्ही म्हातारपण समजत होतो.” गेलेलं परत येणार नाही, उरलेलं राखायचं, थेंब जन्मभर, गाडी आजपासून बंद. बाईंनी सगळं एका दमात सांगितलं. मुलीचे डोळे दरवर्षी तपासून घ्या, असंही म्हणाल्या.

मुंगीला त्याने स्वतः सांगितलं. शाळेच्या फाटकाशी, तिचं दप्तर हातात घेऊन, काही न लपवता. ती ऐकत होती, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाली, “त्या दिवशी माझं चित्र तुम्हाला दिसलंच नाही?”

“नाही, बाळा.”

“मुद्दाम नाही ना?”

“मुद्दाम नाही.”

ती त्याच्या डावीकडे जाऊन उभी राहिली. “आता दिसतेय?” नाही. एक पाऊल पुढे. “आता?” नाही. असं करत करत ती त्याच्या अर्धं पाऊल पुढे, जवळजवळ समोर आली, तेव्हा तो म्हणाला, “आता दिसलीस.” तिने खाली आपल्या पायांकडे बघितलं, जागा लक्षात ठेवली आणि म्हणाली, “मग मी इथून चालेन.”

तेव्हापासून ती तिथूनच चालते. आणि मी डावीकडून, जिथून मी दिसत नाही तिथून. पहिल्या दिवशी दोन-चार मिनिटं माझ्या तोंडून शब्द फुटेना. तसा तो रस्त्यातच थांबला. हात बाजूला करून हवेत चाचपडला आणि म्हणाला, “बोलत राहा गं. तू गप्प झालीस की मला कळत नाही, तू आहेस की मागे गेलीस.”

मी त्याचा हात धरला. “आहे,” म्हटलं. आणि मग सुरूच झाले. पुढे पायरी आहे, डावीकडून सायकल येतेय, तुझ्या सदऱ्याचं बटण तुटलंय, किती वेळा सांगितलं तो सदरा घालू नकोस, आणि ती बघ, मुंगी मागे वळून हसतेय.